जलजीवालयातील नायट्रेटाचे मापन

जलजीवालयातील नायट्रेटाचे मापन : घरगुती जलजीवालयातील पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट आयनांचे प्रमाण ठरविण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. माशांचे उत्सर्जन, न खाल्लेले खाद्य व वनस्पतींची कुजणारी पाने यांतील नायट्रोजन अखेरीस नायट्रेटाच्या रूपात पाण्यात साठत जातो. नायट्रेट रंगहीन व गंधहीन असून त्यामुळे पाणी गढूळही होत नाही. म्हणून आरशासारख्या स्वच्छ पाण्यातही ते पुष्कळ असू शकते व त्याचे अस्तित्व केवळ रासायनिक परीक्षेनेच कळते. ही परीक्षा करण्याचे संच बाजारात सहज मिळतात व त्यांची कृती पाच-दहा मिनिटांची असते. तथापि संचातील रंगपट्टीवर वाचलेला आकडा कशाचा आहे, तो कोठे फसवा ठरतो व त्यावरून काय करावयाचे, हे समजल्याशिवाय त्याचा उपयोग थोडाच होतो.

नायट्रेटाची उत्पत्ती : मासे नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेल्या खाद्यातील प्रथिने कुजूनही अमोनियाच तयार होतो. गाळणीतील स्पंज, तळाची वाळू व काचेचा पृष्ठभाग यांवर वाढणारे सूक्ष्मजंतू अमोनियाचे ऑक्सिडीभवन करून त्याचे नायट्राइट व नायट्राइटाचे नायट्रेट बनवितात. या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही द्रव्ये दर लिटरला एखादा मिग्रॅ. इतकी असली, तरी अनेक माशांना अपायकारक असतात. त्या मानाने नायट्रेट पुष्कळच सौम्य आहे. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनाचे मेथेमोग्लोबिनात रूपांतर करते, त्यामुळे रक्त तपकिरी होते व पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट कल्ल्यांतून फारसे आत शिरत नसल्याने त्याचा परिणाम सावकाश होतो. जलजीवालयात सूक्ष्मजंतूंची वसाहत स्थिरावली म्हणजे अमोनिया व नायट्राइट जवळजवळ शून्यावर येतात आणि नायट्रेट मात्र दिवसेंदिवस वाढत राहते. नायट्रेट दिसू लागणे हे म्हणून एका अर्थी सुचिन्हच होय. ते वाढतच जाणे हे नव्हे.

इतिहास : जलजीवालयाचा व नायट्रीकरणाचा शोध यांत एक विलक्षण कौटुंबिक संबंध आहे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचा परस्परांवर होणारा परिणाम पाहिला व हा वृत्तांत १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. वनस्पती ऑक्सिजन पुरविते, मासा तो वापरतो व गोगलगाय कुजणारी पाने खाऊन पाणी स्वच्छ ठेवते, ही ‘समतोल जलजीवालया’ची कल्पना त्यातून रूढ झाली. सूक्ष्मजंतूंचे कार्य त्या काळी अज्ञात होते. पुढे १८७७ मध्ये तेओफील श्लेझिंग व आशील म्यूंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपू दिले असता त्यातील अमोनियाचे नायट्रेट होते व क्लोरोफॉर्माची वाफ सोडल्यास ही क्रिया थांबते, असे दाखवून ती सजीवांमुळे घडते हे सिद्ध केले. हाच प्रश्न इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात पुढे नेणारे शास्त्रज्ञ म्हणजे वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) होत. नायट्रीकरणाचे दोन टप्पे असून ते दोन निरनिराळ्या जीवांकडून होतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. ते सूक्ष्मजंतू वेगळे काढण्यात मात्र १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्यिर्ग्येई व्हिनोग्राट्स्की यांना यश आले. पित्याच्या काचपात्रात जे घडत होते, त्याचे स्पष्टीकरण पुत्राने शेतातील मातीत शोधले असे म्हणता येईल.

नायट्रोसोमोनास अमोनियावर व नायट्रोबॅक्टर नायट्राइटावर क्रिया करतात, असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले गेले. गोड्या पाण्याच्या जलजीवालयात दुसऱ्या टप्प्याचे काम मुख्यत्वे नायट्रोस्पायरा या गटातील सूक्ष्मजंतू करतात, असे १९९८ मध्ये आढळून आले. २०११ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीभवन करणारे आर्किया या वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव जलजीवालयांच्या गाळण्यांत विपुल असल्याचे दिसले, तर २०१५ मध्ये अमोनियापासून थेट नायट्रेटापर्यंतची संपूर्ण क्रिया एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला.

मापनाचे तत्त्व : नायट्रेटाची सरळ रंगविक्रिया घडवून आणणे कठीण असते, नायट्राइटाची मात्र अतिशय सोपी व संवेदनशील असते. म्हणून बहुतेक संचांत प्रथम नायट्रेटाचे क्षपण करून नायट्राइट बनवितात व मग त्या नायट्राइटाचा रंग पाहतात. ही रंगविक्रिया योहान पेटर ग्रीस (१८२९–८८) या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाते. डायाझो संयुगांचा शोध लावणारे ग्रीस आयुष्याचा बराच काळ इंग्लंडमधील बर्टन-ऑन-ट्रेंट या गावी बिअरच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. त्यांनी १८७९ मध्ये नायट्राइटाची परीक्षा सुचविली. अम्लीय विद्रावात नायट्राइटाची सल्फानिलिक अम्लावर विक्रिया होऊन डायाझोनियम लवण बनते. त्याचा एका ॲरोमॅटिक अमाइनाशी संयोग झाला म्हणजे गुलाबी ते तांबडे ॲझो रंजकद्रव्य तयार होते. ग्रीस यांनी वापरलेल्या अमाइनाऐवजी, १९३९ मध्ये ब्रॅटन व मार्शल यांनी रक्तातील सल्फा औषधांच्या मापनासाठी प्रचारात आणलेले नॅप्थिल एथिलीन डायअमाइन हे संयुग आता सर्रास वापरतात. रंगाची गडदता नायट्राइटाच्या प्रमाणावर अवलंबून असते.

क्षपणासाठी घरगुती संचांत जस्ताची बारीक पूड वापरतात. प्रयोगशाळेत त्याऐवजी तांब्याचा थर दिलेल्या कॅडमियमाच्या कणांनी भरलेल्या नळीतून पाणी सोडतात. कॅडमियमामुळे जवळजवळ सर्व नायट्रेटाचे नायट्राइट होते. जस्ताची गोष्ट तशी नाही. त्याने नायट्रेटाच्या काही अंशाचेच नायट्राइट होते, शिवाय तयार झालेल्या नायट्राइटाचेही पुढे क्षपण होत राहते. संचाबरोबरची रंगपट्टी ठराविक प्रमाणात पूड, ठराविक हलविणे व ठराविक वेळ या परिस्थितीतच तयार केलेली असते. यांतील एकही गोष्ट बदलली, तर पट्टीवरील आकड्याला अर्थ उरत नाही. घरगुती नायट्रेट परीक्षेच्या जवळजवळ साऱ्या त्रुटी या एका कारणातून उद्‌भवतात.

कृती : परीक्षानळी प्रथम जलजीवालयाच्या पाण्यानेच दोन-तीनदा विसळून घ्यावी व तीत खुणेपर्यंत, बहुधा ५ मिलि., पाणी घ्यावे. दोन बाटल्यांच्या संचात पहिल्या बाटलीतील अम्लीय द्रवाचे सांगितलेले थेंब टाकून नळी हळूच उलटसुलट करतात. दुसऱ्या बाटलीत जस्ताची पूड द्रवात निलंबित असते व बाटली स्थिर राहिली म्हणजे ती तळाशी घट्ट बसते. ही बाटली निदान अर्धा मिनिट जोराने हलविल्याशिवाय तीतील थेंब टाकू नयेत. त्यानंतर नळी सुमारे एक मिनिट जोराने हलवून पाच मिनिटे (किंवा पत्रकात दिली असेल तेवढी वेळ) ठेवतात व दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर धरून रंग पट्टीशी ताडून पाहतात. विजेच्या पिवळसर दिव्याखाली नारिंगी व तांबड्या छटांतील फरक नीट कळत नाही. थेंब टाकताना बाटली पूर्ण उभी धरावी. तिरपी धरल्यास थेंबांचा आकार बदलतो. ही द्रव्ये अम्लीय व विषारी असल्याने परीक्षानळीतील पाणी पुन्हा जलजीवालयात ओतू नये व बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

कागदी पट्ट्या पाण्यात बुडवून रंग पाहण्याची पद्धत अधिक सोपी, परंतु अधिक ढोबळ असते. या पट्ट्यांवरील द्रव्ये हवेतील आर्द्रतेने निकामी होतात. कोकणपट्टीत व मुंबईत पावसाळ्यात एकदा उघडी राहिलेली पट्ट्यांची डबी फार दिवस विश्वासार्ह राहत नाही.

त्रुटी : सर्वांत नेहमीची चूक म्हणजे दुसरी बाटली पुरेशी न हलविणे. थेंबांतून जस्त आलेच नाही, तर क्षपण होत नाही, नायट्राइट बनत नाही व रंगही येत नाही. मग पाण्यात नायट्रेट मुळीच नाही असा समज होतो. कित्येक महिने मासे असलेल्या व पाणी क्वचितच बदललेल्या, वनस्पती नसलेल्या जलजीवालयात शून्य आकडा आला, तर आनंद मानण्याऐवजी परीक्षा पुन्हा करावी.

याच्या उलट चूक नव्या जलजीवालयात होते. तेथे पहिल्या काही आठवड्यांत नायट्राइट साठलेले असते. ग्रीस विक्रिया नायट्राइटाचीच असल्याने हे मूळचे नायट्राइटही रंग देते; आणि जस्ताने नायट्रेटाचा काही अंशच बदलत असल्यामुळे, थोडेसे नायट्राइट पुष्कळ नायट्रेटाइतका रंग देते. परिणामी नायट्रेट भलतेच वाढल्याचा भास होतो. म्हणून प्रथम नायट्राइटाची स्वतंत्र परीक्षा करावी व ते शून्य असेल तेव्हाच नायट्रेटाच्या आकड्यावर विसंबावे. काही संचांत मूळचे नायट्राइट नष्ट करण्यासाठी सल्फॅमिक अम्ल घातलेले असते.

पट्टीच्या वरच्या टोकाला, म्हणजे लिटरला ४० मिग्रॅ. च्या पुढे, तांबड्या छटा एकमेकींत मिसळतात व ८० आणि १६० यांतील भेद डोळ्यांना करता येत नाही. अशा वेळी पाण्याच्या एका भागात ऊर्ध्वपातित पाण्याचे नऊ भाग मिसळून परीक्षा करावी व येणाऱ्या आकड्यास १० ने गुणावे. तांबड्या-हिरव्या रंगांचे अंधत्व असलेल्या व्यक्तींनी पट्टी दुसऱ्याकडून वाचून घेणे इष्ट होय.

संचाची तपासणी : संच विश्वासार्ह आहे की नाही हे ज्ञात प्रमाणाच्या विद्रावाने पाहता येते. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट १.६३ ग्रॅ. घेऊन त्याचा १ लि. विद्राव केल्यास त्यात लिटरला १,००० मिग्रॅ. नायट्रेट असते, यातील २० मिलि. विद्राव १ लि. पर्यंत विरल केला म्हणजे २० मिग्रॅ. चा प्रमाणित विद्राव मिळतो. द्राक्ष व डाळिंबाच्या बागांना ठिबकातून देण्यात येणारे १३:०:४५ हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच होय. त्यात नायट्रोजन १३ टक्के धरल्यास १.६३ ऐवजी सु. १.७४ ग्रॅ. घ्यावे लागते. विरलनासाठी मोटारीच्या विद्युत् घटमालेत घालण्याचे निरायनीकृत पाणी चालते; त्या पाण्याचीही एकदा परीक्षा करून आकडा शून्य येतो की नाही हे पाहावे. जुना झालेला संच २० च्या विद्रावाला ५ दाखवू लागला, तर तो टाकून द्यावा.

एकके : नायट्रेटाचे प्रमाण दोन प्रकारांनी सांगतात. एकात संपूर्ण नायट्रेट आयनाचे वजन धरतात, तर दुसऱ्यात त्यातील केवळ नायट्रोजनाचे. नायट्रेट आयनाचे सापेक्ष वजन ६२ व नायट्रोजनाचे १४ असल्याने दुसऱ्या आकड्यास ४.४३ ने गुणले म्हणजे पहिला मिळतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रोजनाच्या रूपात १० मिग्रॅ. ही मर्यादा आहे, तर भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) नायट्रेटाच्या रूपात ४५ मिग्रॅ.; या दोन मर्यादा वस्तुतः एकच आहेत. निरनिराळ्या उत्पादकांचे संच वेगवेगळी एकके वापरतात. पत्रक न वाचता दोन संचांचे आकडे ताडून पाहिल्यास साडेचार पटींची चूक होते.

आकड्याचा अर्थ : संशोधकांनी १९७७ मध्ये गप्पी माशांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत, ९६ तासांत निम्मी पिले मरण्यास नायट्रोजनाच्या रूपात लिटरला सु. १९१ मिग्रॅ., म्हणजे सु. ८४५ मिग्रॅ. नायट्रेट लागले. घरगुती जलजीवालयात इतके प्रमाण सहसा होत नाही. परंतु तत्काळ न मरणे व निरोगी वाढणे यांत अंतर आहे. २००५ मधील एका विस्तृत आढाव्यात गोड्या पाण्यातील अत्यंत संवेदनशील प्राण्यांच्या संरक्षणासाठी नायट्रोजनाच्या रूपात २ मिग्रॅ. (सु. ९ मिग्रॅ. नायट्रेट) इतकीच मर्यादा सुचविण्यात आली. अंडी, नवजात पिले व कोळंबीसारखे अपृष्ठवंशी प्राणी प्रौढ माशांपेक्षा अधिक नाजूक असतात. सामान्य शोभिवंत माशांसाठी २० ते ४० मिग्रॅ. च्या आत प्रमाण ठेवण्याची प्रथा आहे. ही सीमा प्रयोगांपेक्षा अनुभवावर अधिक आधारलेली आहे.

एकट्या आकड्यापेक्षा तो कोणत्या गतीने वाढतो हे अधिक बोधप्रद असते. ही गती खाद्यावरून अंदाजता येते. ४० टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅ. खाद्यात सु. ६४ मिग्रॅ. नायट्रोजन असतो व त्या सर्वाचे रूपांतर झाल्यास सु. २८० मिग्रॅ. नायट्रेट तयार होईल. १०० लि. पाण्यात रोज १ ग्रॅ. खाद्य घातले व त्यातील निम्मा नायट्रोजन नायट्रेट झाला असे धरले, तर आठवड्याला लिटरमागे सु. १० मिग्रॅ. वाढ होते. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलले, तर प्रमाण वाढत वाढत बदलापूर्वी ४० व बदलानंतर ३० मिग्रॅ. वर स्थिर होते. निम्मे बदलले तर अनुक्रमे २० व १० वर. मात्र हा हिशेब नव्या पाण्यात नायट्रेट नाही असे गृहीत धरतो. नव्या पाण्यातच २० मिग्रॅ. असतील, तर वरील प्रत्येक आकड्यात २० मिळवावे लागतात. चौथाई बदलाने प्रमाण ६० वर जाते व कितीही पाणी बदलले तरी ते २० च्या खाली येऊ शकत नाही.

यामुळे जलजीवालयाच्या पाण्याबरोबरच नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. नायट्रोजनयुक्त खते, जनावरांचे शेण-मूत व शौचकूपांचा पाझर यांमुळे महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या भूजलात नायट्रेट ४५ मिग्रॅ. च्या वर आढळते. अशा ठिकाणी कूपनलिकेचे पाणी भरून माशांचे पाणी ‘ताजे’ केल्याने काहीच साधत नाही. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. साध्या कोळशाच्या गाळणीनेही ते अडत नाही. व्युत्क्रमी तर्षण किंवा आयन-विनिमय या पद्धतींनी ते काढता येते. माशांसाठी केलेल्या परीक्षेत विहिरीचे पाणी ४५ च्या वर दिसले, तर ते घरातील तान्ह्या मुलाच्या दुधात मिसळण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. अशा पाण्यामुळे अर्भकांत मेथेमोग्लोबिन वाढून ती निळी पडतात, हे हंटर कॉम्ली या अमेरिकन वैद्यांनी १९४५ मध्ये निदर्शनास आणले.

जुन्या जलजीवालयातील धोका : नायट्रेट साठते तेव्हा आणखी एक गोष्ट निमूटपणे घडत असते. नायट्रीकरणात अम्ल तयार होते व १ मिग्रॅ. नायट्रोजनामागे पाण्यातील सु. ७ मिग्रॅ. क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात) खर्ची पडते. या हिशेबाने १०० मिग्रॅ. नायट्रेट तयार होईपर्यंत सु. १६० मिग्रॅ. क्षारता नाहीशी होते. मृदू पाण्यात मुळात इतकी क्षारता नसतेच. ती संपली की पीएच मूल्य घसरते, ते ६ च्या आसपास आले म्हणजे नायट्रीकरण मंदावते व अमोनिया साठू लागतो. अम्लीय पाण्यात तो बहुतांशी अमोनियम आयनाच्या निरुपद्रवी रूपात राहत असल्याने मासे तग धरून असतात. मग मालकाच्या लक्षात येते की, पुष्कळ दिवसांत पाणी बदललेले नाही, आणि तो एकदम पाऊण टाकी रिकामी करून नळाचे पाणी भरतो. पीएच मूल्य झपाट्याने वाढते, अमोनियमाचा विषारी अमोनिया होतो व कित्येक महिने जगलेले मासे एका रात्रीत मरतात. दोष मात्र नळाच्या पाण्याला दिला जातो. नायट्रेट १०० च्या वर आढळल्यास म्हणूनच आधी अमोनिया व पीएच मूल्य पाहावे आणि रोज दहावा हिस्सा याप्रमाणे पाणी हळूहळू बदलावे.

वनस्पती व सागरी जलजीवालये : वनस्पती नायट्रेट शोषून घेतात, परंतु अमोनियम उपलब्ध असल्यास ते प्रथम वापरतात. जलद वाढणाऱ्या वनस्पती व पाण्यात मुळे सोडलेला मनी प्लँट यांमुळे नायट्रेटाची वाढ पुष्कळ मंदावते. अट एवढीच की वाढलेला भाग छाटून बाहेर काढला पाहिजे, नाहीतर तो कुजून नायट्रोजन पुन्हा पाण्यात येतो. दाट वनस्पतींच्या जलजीवालयात नायट्रेट शून्यावर येऊन वनस्पतींची उपासमार होते व तेथे पोटॅशियम नायट्रेट मुद्दाम घालतात. सागरी माशांना बरेच नायट्रेट सोसते, प्रवाळांच्या जलजीवालयात मात्र ते लिटरला काही मिग्रॅ. इतकेच ठेवतात. समुद्राच्या पाण्यातील लवणांमुळे रंगविक्रियेत फरक पडत असल्याने अशा पाण्यासाठी वेगळी रंगपट्टी वापरावी लागते.

इतर पद्धती : प्रयोगशाळेत ग्रीस विक्रियेचा रंग वर्णपटीय प्रकाशमापकाने सु. ५४० नॅनोमीटर तरंगलांबीस मोजतात. नायट्रेट २२० नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश शोषते, त्यावरूनही ते थेट मोजता येते. कार्बनी द्रव्यांमुळे येणारी चूक २७५ नॅनोमीटरच्या मापनावरून दुरुस्त करतात. आयन-निवडक विद्युत् अग्राने सतत नोंद ठेवता येते, परंतु क्लोराइडाचा अडथळा येत असल्याने खाऱ्या पाण्यात ते निरुपयोगी ठरते. कॅडमियम विषारी व कर्कजनक असल्याने अलीकडे त्याऐवजी वनस्पतींपासून मिळविलेले नायट्रेट रिडक्टेज हे एंझाइम काही संचांत वापरण्यात येते.